कात्रण न पडणारं वर्ष

आमचे हे एकोणीस वर्षं जगभरातले मोटरसायकलचे शो बघायला निघालेले होते. निघालेले होते म्हणजे दुकानातच होते. पण तसं पाहिलं तर त्यांच्याइतका फिरलेला माणूस आमच्या रस्त्यावर दुसरा सापडायचा नाही. कुठल्या देशात कुठल्या हॉलचं कुठलं दार आधी उघडतं, दारापासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, परतीची बस चुकली तर पुढची किती वाजता, सगळं तोंडपाठ. घरात साखरेचा डबा कुठे असतो, हे मात्र त्यांना मी रोज सांगते.

आमचं दुकान मोटरसायकलच्या सीट कव्हरचं. रस्त्याला लागून एक लांबट खोली, पुढे शटर, मधे कापायचं भलंमोठं टेबल आणि मागे खिडकीखाली माझं शिलाई मशीन. हे मापं घेतात, फोम तासतात, रेक्झिन कापतात आणि मी शिवते. बत्तीस वर्षं असंच चाललंय. सीट चांगली झाली की गिऱ्हाईक यांच्या हाताचं कौतुक करतं, उसवली की मला शोधत मागे येतं.

भिंतीपलीकडच्या खोलीत पेंटर भाऊजी. यांचे शाळेपासूनचे मित्र. मोटरसायकलच्या टाक्या रंगवायचे आणि टाकीच्या दोन्ही अंगांवर बारीक रेघ ओढायचे. हाताने. आता तयार स्टिकर कुठेही मिळतात, तरी लांबलांबून माणसं त्यांच्याकडे येत, ती त्या रेघेसाठी. बोटभर दांडीचा आणि दांडीपेक्षा लांब केसांचा एक ब्रश, तो रंगात बुडवायचा, श्वास धरायचा, आणि टोपणापासून निघून पार सीटपर्यंत यायचं, मधे कुठेही हात न उचलता. मी कितीदा तरी मशीन थांबवून ते बघायला गेले आहे. भाऊजींनी लग्न केलं नाही. दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे, त्यामुळे माझ्या वाट्याला दोन पुरुष आले. त्यातले भाऊजी सोपे. काहीही पुढे ठेवलं की म्हणणार, "चालेल."

दर रविवारी शटर अर्धं ओढून या दोघांची बैठक बसायची. आता एखाद्या शहाण्या माणसाला मोटरसायकलचे शो बघायचे असतील तर तो काय करेल? एका शोला जाईल, बघेल, परत येईल. जमलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या शोला जाईल. पण आमचे हे शहाणे नाहीत, कारागीर आहेत. कापड कापायचा त्यांचा एक नेम आहे. रेक्झिनचा तागा टेबलावर पसरायचा, सीटचे सगळेच्या सगळे तुकडे आधी त्यावर मांडून बघायचे, फिरवायचे, सरकवायचे, आणि शेवटचा तुकडा नीट बसल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही. वाया जाणारं कात्रण दोन बोटांपेक्षा जास्त निघालं तर मांडणी मोडून पुन्हा पहिल्यापासून. या नेमापायी त्यांचं नाव झालं आहे. तोच नेम त्यांनी वर्षाला लावला.

म्हणजे असं की, टेबलाएवढ्या कागदावर आखलेले दिवसांचे चौकोन. त्यावर पुठ्ठ्याचे सात तुकडे, एकेक शो. प्रवासाच्या निळ्या पट्ट्या, विश्रांतीच्या पिवळ्या. ऑक्टोबरमध्ये घराबाहेर पडायचं, सातही शो एका दमात बघायचे आणि जानेवारीच्या शेवटी घरी यायचं. दोन शो एकमेकांवर चढता कामा नयेत. मधे रिकामे दिवस राहिले तर ते कात्रण. सगळं मिळून चार दिवसांचं कात्रण हे चालवून घेणार होते, हा त्यांचा मोठेपणा.

शोंना टोपणनावं होती. गोठलेल्या तळ्यावर भरतो तो बर्फवाला. वाळूत भरतो तो वाळवंटवाला. किनाऱ्यावरचा समुद्रवाला, फक्त जुन्या गाड्यांचा म्हातारा. दोघांना टोपणनाव मिळालंच नाही, कारण त्यांच्यावरून कधी भांडण झालं नाही. आणि सगळ्यात आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर, रंगवाला.

भाऊजींना खरं तर त्या एकाचीच ओढ. तिथे एक हॉल नुसत्या रंगकामाचा असतो, आणि त्यात दर वर्षी एक जुनी गाडी ठेवतात, लाल टाकीची. त्या टाकीभोवती कुणा म्हाताऱ्या कारागिराने एकच रेघ फिरवली आहे, असं मासिकात आलं होतं. एकाच दमात सगळ्या टाकीला वेढा. मासिकातलं ते पान भाऊजींनी ब्रशांच्या डब्यात घडी घालून ठेवलं होतं. "फोटोवरून काही कळत नाही हो वहिनी," ते मला म्हणायचे. "समोर उभं राहून बघायला पाहिजे. माणसाने हे केलं कसं, ते बघायला पाहिजे." एरवी कशाचाच हट्ट न धरणाऱ्या माणसाचा तेवढा एक हट्ट होता.

पैशांचं म्हणाल तर घोडं तिथे अडलं नव्हतं, ते कधीच बाजूला काढून झाले होते. अडायचं ते कात्रणावर. एका वर्षी म्हातारा आणि समुद्रवाला एकमेकांवर चढले. एका वर्षी वाळवंटवाल्यांनी शो रद्दच केला, आणि आमच्या घरात तीन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही. एका वर्षी सगळं छान जमलं, शेवटी नऊ दिवस उरले. मी म्हटलं, नऊ दिवस हॉटेलात लोळा की. त्यावर यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाच्या सीटवर रेक्झिन उलटं शिवून ठेवलंय. आमची मुलगी कामासाठी दुसऱ्या शहरात राहते. ती एकदा सुटीला आली होती तेव्हा म्हणाली, बाबा, हे सगळं कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत करून देते. हे म्हणाले, "कॉम्प्युटरला कात्रण दिसत नाही." ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, मी तुझ्याआधीपासून ऐकतेय.

मग एकदा मार्चमध्ये, दुपारी, मी भाऊजींचा चहा घेऊन पलीकडे गेले. एक गडद हिरवी टाकी घोडीवर ठेवलेली, रेघेच्या वरच्या अंगाला चिकटपट्टीने कागद लावलेला. भाऊजी दोन डबे दोन हातात घेऊन उभे.

"वहिनी, यातला सायीचा रंग कुठला?"

दोन्ही डब्यांवर त्यांच्याच अक्षरात रंगाचं नाव लिहिलेलं होतं, ठसठशीत. मी काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष टाकीकडे गेलं. रेघ ओढून झाली होती आणि सुरेख आली होती. फक्त ती टाकीवर नव्हती. ती कागदावर होती, टोपणापासून शेवटपर्यंत.

"भाऊजी, रेघ कागदावर आहे."

त्यांनी डबे खाली ठेवले. मान जरा वाकडी करून, टाकीकडे नव्हे, टाकीच्या शेजारी कुठेतरी बघितलं. मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून सावकाश धुतला.

"सरळ बघितलं ना, की मधलं जातं," ते म्हणाले. "कडेचं सगळं दिसतं. तुम्ही दारात उभ्या आहात ते दिसतंय. तुमचं नाक दिसत नाही."

"माझं नाक न दिसलेलंच बरं. डॉक्टर काय म्हणाले?"

"डोळ्याच्या मागचा पडदा झिजत चाललाय. दोन्हीकडे. थांबवता येत नाही म्हणाले. हळूहळू जाईल. वर्षभर चालेल, फार तर थोडं जास्त."

"यांना सांगितलंत?"

"नको. तो उगाच घाई करेल."

मला हसू आलं, आणि मग हसल्याचीच लाज वाटली. एकोणीस वर्षांत या माणसाने एकदा तरी घाई केलेली मी बघितली असती, तर मी गप्प बसले असते. मी गप्प बसले नाही. भाऊजींना शब्द दिला आणि भिंतीच्या अलीकडे येईपर्यंत मोडला.

हे फोम तासत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठला डोळा?"

"दोन्ही."

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसले. मग उठले, दिवसांचा कागद काढला आणि तुकडे मांडायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस कात्री उचलणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी त्यांच्या चांगुलपणावर खर्च केलं.

त्या वर्षी घोळ बर्फवाल्याचा होता. वाळवंटवाला संपल्यावर तो सुरू व्हायला सतरा दिवस होते. सतरा दिवस म्हणजे यांच्या हिशेबात अख्खी सीट वाया. तर यांनी काय करावं? बर्फवाल्यांना पत्र लिहिलं. आपला शो सतरा दिवस अलीकडे घेतल्यास आपली मोठी मेहेरबानी होईल, कारण एका मित्राच्या दृष्टीचा प्रश्न आहे. मुलीकडून ते भाषांतर करून घेतलं आणि पाठवलं. तिने केलंही, बापाचीच लेक. पुढे उत्तर आलं. आपल्या मित्राला शुभेच्छा, परंतु तळं गोठण्याची तारीख आमच्या हातात नाही. यांना त्यातलं फक्त शुभेच्छा एवढं दिसलं. लगेच वाळवंटवाल्यांना पत्र गेलं, तुम्ही सतरा दिवस पुढे सरका. त्यांनी उत्तरच दिलं नाही. वाळवंटातली माणसं उद्धट, असं यांनी ठरवून टाकलं.

पत्रं लिहिण्यात ऑगस्ट उजाडला. आणि एका रविवारी हे घामाघूम होऊन मागच्या खिडकीपाशी आले. माझं मशीन चालू होतं, ते त्यांनी स्वतः बंद केलं.

"पुढच्या वर्षीच्या तारखा आल्या. सातही बसतात."

"कात्रण?"

"नाही. एक दिवससुद्धा नाही."

मी टेबलापाशी जाऊन बघितलं. खोटं कशाला बोलू, देखणी मांडणी होती. निळी पट्टी, पुठ्ठा, पिवळी पट्टी, पुठ्ठा, सगळं एकाला एक लागून, मधे सुई शिरायला जागा नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पण कागदाच्या वरच्या कडेला आणखी एक पट्टी होती, करड्या रंगाची, लांबच लांब. ती मी आधी कधी बघितली नव्हती. मार्चपासून सुरू होऊन ती पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्यावर येऊन थांबत होती.

"ही कसली?"

"डोळ्यांची." त्यांचा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणालेत ना, वर्ष आणि थोडं जास्त. थोडं जास्त म्हणजे मी सात महिने धरले. रंगवाला त्याच्या आत येतो. बसतं बघ."

माणसाचे डोळे कापून त्यांनी टेबलावर मांडले होते आणि ते बसले म्हणून ते खूश होते. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. म्हटलं, दोन महिन्यांनी रंगवाला आहे. या वर्षीचा. दोघं जा, चार दिवसांत परत या. त्याला ती टाकी दाखवून आणा. बाकीचे सहा पुढच्या वर्षी बघा नाहीतर बघू नका, माझं काही म्हणणं नाही.

"एक तुकडा आधी कापला की मांडणी मोडते," हे म्हणाले. "पुढच्या वर्षी सुरुवातीलाच भोक पडेल."

"मग पुढच्या वर्षी परत जा त्याच शोला."

"तोच शो दोनदा?" यांना माझी कीव आली होती. "अगं, पुन्हा असं वर्ष येणार नाही."

"डोळे येणार आहेत का पुन्हा?"

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून भाऊजी आत आले. आमचं किती ऐकलं होतं कोण जाणे. हे त्यांना हाताला धरून टेबलापाशी घेऊन गेले आणि मांडणी समजावून सांगायला लागले, बोट एकेका पुठ्ठ्यावर ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भाऊजी मान वाकडी करून ऐकत होते. त्यांची बोटं सगळ्या तुकड्यांवरून फिरली, करड्या पट्टीवर आली, तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. ती कसली आहे ते त्यांनी विचारलं नाही.

"म्हणजे पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

"पुढच्या वर्षी. सगळंच्या सगळं. चालेल ना?"

"चालेल."

आता मी यांच्यावर एवढं तोंडसुख घेतेय, तर माझंही सांगते. मी काय केलं? मी काहीच केलं नाही. तिकिटं काढायला मला दोन हात होते, लेक फोनवर होती, भाऊजींना घेऊन मी स्वतः जाऊ शकले असते. मी ते मनात आणलं होतं. पण पुढच्या वर्षीच्या त्या देखण्या मांडणीत प्रत्येक निळ्या पट्टीवर यांनी तीन टिंबं काढली होती, आणि तिसरं टिंब माझं होतं. बत्तीस वर्षं मी खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत सीटा शिवल्या आहेत. मला समुद्रवाला बघायचा होता. मलाही वाटलं, बसेल.

ते वर्ष भाऊजींनी हप्त्याहप्त्याने काढलं. आधी रेघा बंद झाल्या. मग नुसत्या टाक्या रंगवू लागले, एकरंगी. मग तेही गेलं, आणि ते आमच्याच दुकानात येऊन बसायला लागले. हाताला काम हवं म्हणून मी त्यांना सीटच्या कडेला घालायची दोरी गुंडाळायला द्यायचे. ते ती एवढी नीट गुंडाळत की सोडवावीशी वाटत नसे. जूनमध्ये एकदा मी त्यांच्या समोर उभी राहिले, अगदी हातभर अंतरावर, तर त्यांनी विचारलं, "कोण?" हे टेबलापाशीच होते. त्यांनी ऐकलं, आणि कापलेला तुकडा पुन्हा मोजत बसले. मला राग कुणाचा यावा तेच कळेना.

टेबल पुसायला म्हणून मी अधूनमधून तो कागद उचलायचे. करडी पट्टी होती तिथेच असायची, ऑक्टोबरपर्यंत. ती कापून आखूड करायची हिंमत यांना झाली नव्हती. आणि काढून टाकायची मला.

सप्टेंबरमध्ये जेवताना भाऊजी म्हणाले, "मी एकच बघेन रे. पहिला. बाकीचे तुम्ही दोघं बघा, मला घरी पाठवून द्या. कडेकडेने किती फिरणार."

हे घास तोंडाशी धरून थांबले. मी मनात म्हटलं, आता कागद येणार, आता मांडणी समजावणार. यांनी घास संपवला, हात धुतले, दुकानात गेले. मी मागोमाग गेले तर ते टेबलावरचे पुठ्ठे उचलत होते. बर्फवाला, वाळवंटवाला, समुद्रवाला, म्हातारा, ते बिननावाचे दोघे. सहाही तुकडे त्यांनी कात्रणाच्या पेटीत टाकले. "आपणही एकच बघू," म्हणाले. म्हणजे शेवटी झालं काय, तर चार दिवस आणि एक शो. मी मागच्या ऑगस्टमध्ये जे घसा फोडून सांगत होते ते. फक्त एक वर्ष उशिरा, आणि ज्याला दाखवायचं त्याला न दिसता.

प्रवासात सगळं यांनी आखलं होतं तसंच झालं, अगदी चीड यावी इतकं. बस त्याच मिनिटाला आली. हॉलचं बाजूचं दार मुख्य दाराच्या आधी उघडलं. दारापासून स्वच्छतागृह बेचाळीस पावलांवर होतं. यांनी मोजली, बेचाळीसच भरली. माझ्याकडे वळून सांगायला तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि मिटलं.

रंगाचा हॉल उंच होता आणि पांढऱ्या दिव्यांनी नुसता लखलखत होता. ताज्या रंगाचा वास आला तसे भाऊजी आपोआप भरभर चालायला लागले. कडेचं दिसत असल्याने त्यांना धक्के लागत नव्हते. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस सगळ्यांत जास्त उत्सुक आहे, आणि ते खरंच होतं. ती गाडी हॉलच्या मधोमध, हातभर उंच चौथऱ्यावर, चारी बाजूंनी दोरी, पलीकडची बाजू दिसावी म्हणून मागे उंच आरसा. शेजारी गणवेशातला एक राखणदार. आम्ही दोरीपाशी पोचलो.

"आलो का?" भाऊजींनी विचारलं.

"आलो. समोर आहे."

त्यांनी मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे. मग वर, मग खाली. "चाक दिसतंय थोडं," ते म्हणाले. "हँडल असावं ते. टाकीवर नजर आणली की जाते." जरा वेळाने त्यांनी मान सरळ केली. "सांग तू. रंग कसा आहे?"

"लाल," हे म्हणाले.

"कसला लाल?"

"लाल रे. लाल असतो तसा."

"विटेसारखा की डाळिंबासारखा? काळ्यावर दिलाय की चांदीवर?"

हे टाकीकडे बघत राहिले. सगळ्या जगातली अंतरं या माणसाला पाठ, पण लालाच्या पुढे त्यांच्याकडे शब्द नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, डाळिंबासारखा आहे भाऊजी, आणि आतून काहीतरी चमकतंय. "म्हणजे चांदीवर दिलाय," ते लगेच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आणि रेघ?"

"आहे. सायीच्या रंगाची. टोपणापासून निघते, खाली येते, मग वळते."

"वळते म्हणजे कशी?"

मला सांगता येईना. गोल म्हणावं तर गोल नव्हती. पाण्यासारखी म्हणावं तर ते कुणीही म्हणेल. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा गप्प झाले. जन्मभर ज्या तोंडाने मी सगळ्यांना सोलून काढलं, ते नेमकं तिथे चालेना.

"पाठ कर माझ्याकडे," हे म्हणाले.

भाऊजींना कळलं नाही. यांनी त्यांचे खांदे धरून त्यांना फिरवलं आणि खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला. भाऊजींच्या अंगात काळा कोट होता. यांनी डोळे टाकीवर लावले, खडू भाऊजींच्या मानेखाली टेकवला आणि ओढायला सुरुवात केली. साधं गोल वळण काढायचं तर चार ठिकाणी टिंबं देणारा हा माणूस, मापाशिवाय, हाताकडे न बघता, दुसऱ्याच्या पाठीवर रेघ ओढत होता. खांद्यापर्यंत वर, तिथून तिरकी खाली, कमरेपाशी वळसा. राखणदार दोन पावलं पुढे आला आणि थांबला. भोवती माणसं जमली. एकाने फोटो काढला, त्याला बहुतेक हे शोमधलंच काहीतरी वाटलं.

भाऊजींनी डोळे मिटले होते. "सावकाश," ते म्हणाले. "इथे ती रुंद होते का?"

"किंचित."

"रंग भरपूर घेतलाय त्याने. पुढे बारीक होईल बघ."

"झाली. बारीक झाली."

"हां." भाऊजींचा उजवा हात अंगापाशीच जरासा हलत होता. अंगठा आणि दोन बोटं मिटलेली, मधे ब्रश धरल्यासारखी. मी ते बघितलं आणि मला तिथे उभं राहवेना, पण मी उभी राहिले. यांनी वेढा पुरा केला, खडू मानेखाली जिथून निघाला होता तिथे आणून टेकवला. भाऊजींनी इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

"छान ओढली आहे," ते म्हणाले.

"हो."

"तू नव्हे. त्याने."

हे हसले नाहीत. खडू हातातच होता. भाऊजी अजून पाठमोरेच होते, म्हणून असेल कदाचित, पण यांना ते बोलता आलं.

"मागच्या वर्षी यायला पाहिजे होतं," हे म्हणाले.

आमच्या घरात असं कुणी काही बोललं की भाऊजी ते हलकं करून द्यायचे. चालायचंच म्हणायचे, एवढं काय त्यात म्हणायचे. मी त्याची वाट बघत होते, हेही बघत असणार.

"हो," भाऊजी म्हणाले. "मागच्या वर्षी मला दिसली असती."